चार नंबरचा फोटो

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीशी टेकलात तर माझा आवाज पोचायचा नाही. टाळ वाजवून वाजवून हात अजून शाबूत आहेत, गळा मात्र गेला. एक हकिगत सांगतो. बुवा आख्यान लावतात तसं मला साधणार नाही. मी जन्मभर श्रोत्यांत बसलेला माणूस, फार तर बुवांच्या मागे टाळ धरून उभा राहिलेला. पण ही हकिगत माझ्या हातून घडली आहे. ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत येऊ नये.

एकोणीसशे त्र्याऐंशी सालची माघी पौर्णिमा. सकाळचे दहा वाजले असतील. स्टुडिओत एक नवं जोडपं पडद्यासमोर उभं होतं. “नवरदेव, मान जरा उजवीकडे, आणि श्वास सोडा की हो,” असं मी म्हणतोय, तेवढ्यात दिलावरभाई सायकल रस्त्यातच टाकून आत आले.

“रंगनाथ, यांना घरी पाठव. रोल किती आहेत तुझ्याकडे?”

“सहा. का हो भाई?”

“सगळे घे. बेटाची नाव उलटली.”

आमचं आंबेसर नदीकाठी. खाली बंधारा झाल्यापासून गावाजवळचं पात्र उन्हाळ्यातही तुडुंब असतं. मधल्या बेटावर महादेवाचं देऊळ आणि माघी पौर्णिमेला तिथं जत्रा. नाव चाळीस माणसांची. त्या दिवशी पहिल्याच खेपेला सत्तरच्या वर चढली. एकोणीस माणसं गेली.

दिलावरभाई आतार म्हणजे आमच्या तालुका छायाचित्रकार मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे नऊ माणसं आणि माझ्या दुकानात ठेवलेलं एक लोखंडी कपाट. बैठक दर अमावस्येला, कारण अमावस्येला लग्न नसतं आणि नऊच्या नऊ जण मोकळे सापडतात. गाव चेष्टा करायचं, “अमावस्येला जमता, फोटो काढता का भुतं उतरवता?” भाई हसायचे आणि हजेरी घ्यायचे. भर लग्नात कुणाचा कॅमेरा बिघडला तर दुसऱ्यानं आपला घेऊन धावायचं, कुणी अंथरुणाला खिळला तर त्यानं कबूल केलेली लग्नं बाकीच्यांनी त्याच्या नावावर काढून द्यायची, ही रीत भाईंनी लावून दिलेली. त्यांनीच एकदा पोलीस ठाण्यात जाऊन सांगून ठेवलं होतं, की अपघात झाला, अनोळखी माणूस सापडलं, तर मंडळाला हाक मारा, आम्ही येऊ. बंडू कोष्टी म्हणून आमचा एक सभासद तेव्हा म्हणाला होता, “भाई, जित्या माणसांचे फोटो नीट येईनात, आणि तुम्ही मेलेल्यांची ऑर्डर घेऊन आलात!”

सरकारी दवाखान्याच्या मागच्या पडवीत सगळ्यांना ओळीनं निजवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंधरा जणांना त्यांच्या माणसांनी ओळखून नेलं. चौघं उरली. त्यांची लुगडी-धोतरं तशीच, शेदोनशे माणसांच्या अंगावर दिसतील अशी; अंगावर दागिना नाही, खिशात कागद नाही. दवाखान्यात बर्फसुद्धा बाजारातून पोत्यात घालून आणत होते. तिसऱ्या दिवशी नगरपालिका त्यांना मूठमाती देणार हे ठरलं. म्हणजे मागून कुणी शोधत आलं तर त्याला दाखवायला उरणार ते फक्त आमचे फोटो.

“या चौघांचे तू काढ,” भाई मला म्हणाले. “तुझा हात स्थिर आहे. आणि एक ऐक. यांच्या निगेटिव्हला तुझी पेन्सिल लागता कामा नये. जसं आहे तसं.”

“भाई, चेहऱ्यावर गाळ आहे, ओरखडे आहेत. घरच्यांना बघवेल का ते?”

“बघवायला नाही काढत आपण, रंगनाथ. ओळखायला काढतोय.”

माझ्या पेन्सिलीचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा फिल्मचा जमाना. निगेटिव्ह उजेडावर धरायची, सुईसारखी तासलेली पेन्सिल घ्यायची आणि चेहऱ्यावरचा डाग असेल त्या जागी अगदी हलका हात फिरवायचा, की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा. धुळीच्या कणानंही निगेटिव्हवर बारीक टिंबं राहतात, तीही अशीच भरायची. मुलींच्या गालावरचे देवीचे व्रण मी असे घालवायचो की आईला मुलगी ओळखू यायची आणि व्रण आठवायचे नाहीत. चार तालुक्यांतून लग्नाच्या फोटोसाठी माझ्याकडे माणसं यायची. बंडू म्हणायचा, “रंगनाथनं फोटो काढला, की माणूस आपल्याच फोटोला नमस्कार करतो.” मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी मी चौघांचे फोटो काढले. कॅमेरा दोन भिंगांचा, वरून मान खाली घालून काचेत बघायचा. काचेत चेहरा दिसतो तो तळहाताएवढा, डावं-उजवं उलटं होऊन. मी डोळ्यांवर फोकस धरायचो, खटका दाबायचो आणि सरकायचो. एक पुरुष, एक म्हातारा, दोन बाया. हवालदारानं प्रत्येकाच्या उशाशी पाटीवर खडूनं नंबर लिहिला होता. चार नंबरची बाई साठीच्या पुढची, वाळकी. तिच्या केसांत काटक्या अडकलेल्या होत्या. मी नजर दुसरीकडे ठेवूनच त्या काढल्या. हात जोडले. आणि घाईनं पडवीबाहेर आलो.

संध्याकाळी निगेटिव्ह धुऊन वाळवल्या. एकेक काचेवर ठेवून बघायला लागलो आणि माझ्यानं राहवेना. त्या आठवड्यात विठ्ठलमंदिरात कीर्तन चालू होतं आणि बुवांनी आदल्याच दिवशी निरूपण केलं होतं, देह हे देवाचं घर आहे, भाडेकरू गेला तरी घर झाडून द्यावं. ते माझ्या मनात घोळत होतं. म्हटलं, कुणाची आई आहे, कुणाचा बाप आहे. उद्या लेकरं बघायला येतील आणि त्यांना शेवटचं तोंड दिसेल ते गाळानं माखलेलं? मी भाईंचं म्हणणं विसरलो नव्हतो. मला वाटलं, भाईंना यातलं कळत नाही. पेन्सिल तासली. ओरखडे भरले, गाळाचे शिंतोडे भरले. चार नंबरच्या बाईच्या चेहऱ्यावर टिंबं पुष्कळ होती, गालावर, हनुवटीवर, कपाळावर. एकेक करून सगळी पुसली. देवाची मूर्ती उजळावी तसं दोन तास बसून केलं. छापून झाल्यावर ती चौघं निजलेली वाटत होती. मला फार समाधान वाटलं.

भाईंनी फोटो बघितले. दोन वह्यांत चिकटवले. क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाले, “धुतले होते का रे यांचे चेहरे?”

“पुसून घेतले होते,” मी म्हणालो.

भाईंनी मान हलवली आणि दोन्ही वह्यांच्या पहिल्या पानावर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘या छायाचित्रांत कोणताही फेरफार केलेला नाही.’ खाली सही केली आणि मंडळाचा शिक्का मारला. एक वही पोलिसांकडे गेली, एक मंडळाच्या कपाटात, आणि एकेक प्रत शेजारच्या तीन तालुक्यांतल्या मंडळांना टपालानं. त्यांनी ती आपापल्या शोकेसमध्ये, नवरानवरीच्या फोटोंशेजारी लावली. भाईंचा शब्द होता ना.

बाराव्या दिवशी हवालदार एका माणसाला घेऊन माझ्या दुकानात आला. तिशीतला, उन्हानं रापलेला, हातांवर उसाच्या पाचटानं चिरल्याच्या रेघा. नाव सिदू खरात. ऊसतोडीच्या टोळीबरोबर तो लांब कारखान्यावर होता. गावाकडं आई एकटी. शेजारणीबरोबर जत्रेला म्हणून निघाली, वाटेत शेजारीण पाय मुरगळून परत फिरली आणि आई एकटीच पुढं गेली. ती परतली नाही, एवढा निरोप त्याला पोचायला दहा दिवस लागले.

“चौकीतली वही जिल्ह्याला गेलीय,” हवालदार म्हणाला. “तुमची दाखवा यांना.”

मी वही काढली. सिदू उभाच राहिला, बसेना. पहिलं पान उलटलं, दुसरं, तिसरं. चौथ्यावर त्याचा हात थांबला. तो वाकला. इतका वाकला, की त्याचा श्वास कागदावर पडला.

“आय…” तो म्हणाला.

हवालदारानं टोपी काढली. मी डोळे मिटले.

“न्हाई,” सिदू म्हणाला. “न्हाई, न्हाई. तोंड तसंच हाय, पर ही माजी आय न्हवं. आयच्या हनुवटीवर गोंदल्यालं हाय. तीन ठिपकं. हिच्या न्हाईत.”

“नीट बघ की लेका,” हवालदार म्हणाला. “पाण्यानं तोंड बदलतं माणसाचं.”

“गोंदान पाण्यानं जातं व्हय सायेब? मढ्यासंगं जातं ते, त्याच्या आदी न्हाई.” आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर विसरलो नाही. तो हसायला लागला. रडत रडत हसायला लागला. “म्हंजी जिती हाय! आवं, जिती हाय ती! कुटंतरी चुकली असंल. दुसऱ्या जत्रंला गेली असंल, लई नाद तिला.” त्यानं माझे पाय धरले. “साखर पडू तुमच्या तोंडात, मालक!” आणि खरोखरच पटक्याच्या सोग्यातून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला. “घ्या. घ्या म्हंतो न्हवं!”

मी तो खडा तोंडात टाकला.

हनुवटीवरची तीन टिंबं. एका ओळीत, सारख्या अंतरावर. धूळ कधी ओळीनं पडते का? पेन्सिल चालवताना मला ते दिसलं होतं आणि दिसलं नव्हतंही. त्याचं बोलणं पुरं होण्याआधीच मला कळून चुकलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, “दादा, ते ठिपके मी पुसले.” जिभेवर गूळ होता. त्याचा तो चेहरा समोर होता. आणि वहीच्या पहिल्या पानावर भाईंची सही होती.

“देव करो आणि सापडो,” मी म्हणालो.

सिदू गेला. तीन दिवसांनी अमावस्या आली. बैठकीत भाईंनी पोलीस ठाण्याचं आभाराचं पत्र वाचून दाखवलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. “तुमच्या मंडळाच्या प्रामाणिक कामामुळे” असं काहीतरी त्यात होतं. बंडू कोष्टीसुद्धा थट्टा न करता म्हणाला, “भाई, आज पहिल्यांदा वाटलं बघा, आपण नुसते लग्नातले उपरे नाही.” मी मान खाली घालून बसलो. त्यांना वाटलं, विनय आहे.

बायकोला सांगितलं नाही. देवापुढे बसलो तरी तोंडानं नाम आणि डोळ्यांपुढे ती हनुवटी. मनाची समजूत घालायचो, त्याला आशा आहे, ती आपण का मोडायची? कुठेतरी आई जिवंत आहे म्हणून तो सुखात आहे. आपण चांगलंच केलं. असं म्हणत म्हणत दिवस काढले.

फाल्गुनात आमच्या मंदिरात सप्ताह असतो. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. बुवा रंगात आलेले, दहीहंडी वर बांधलेली, मी मागच्या ओळीत टाळ धरून उभा. मंडपात डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. एवढ्यात बायकांच्या बाजूला गलका झाला. एक माणूस बायकांच्या ओळींतून वाकून वाकून चालला होता. म्हाताऱ्या बायकांच्या समोर थांबायचा, पदराखालचं तोंड बघायचा आणि पुढं सरकायचा. कुणीतरी ओरडलं, “ए, बायकांत काय बघतोस रे?” दोघांनी त्याला दंडाला धरून ओढलं. एकानं कानशिलात ठेवून दिली. त्यानं हात वर केला नाही. “आय हाय माजी,” एवढंच म्हणत होता. “तीन ठिपकं हाईत हनुवटीवर. बगितली का कुनी?”

सिदू होता तो.

बुवांनी हात वर करून नामाचा गजर सुरू केला, म्हणजे गलका त्यात बुडावा. सगळे टाळ वाजू लागले. माझे वाजेनात. मी टाळ गळ्यातून काढून शेजाऱ्याकडे दिले, आणि काल्याचा प्रसाद न घेता मंदिराबाहेर पडलो. आयुष्यात तेवढं एकदाच.

भाई आपल्या दुकानात कॅमेरा पुसत बसले होते.

“काय रे, काला झाला एवढ्यात?”

“भाई, चार नंबरची बाई सिदू खरातची आई आहे.”

“पण तो तर म्हणाला ना, गोंदण—”

“गोंदण होतं. मी पेन्सिलीनं भरलं. चौघांच्याही निगेटिव्हला हात लावला मी.”

भाईंनी कॅमेरा खाली ठेवला. बाहेर एक बैलगाडी पुलावर चढली आणि उतरलीसुद्धा.

“गाळ आणि गोंदण यातला फरक तुला कळला नाही?” ते म्हणाले. “तू? केसाएवढी सुरकुती शोधणारा माणूस?”

“मी तिच्याकडे बघितलंच नाही, भाई. काचेत बघितलं, निगेटिव्हमध्ये बघितलं. बाईकडे बघायची छाती झाली नाही माझी.”

“आणि हे तुला कधी कळलं?”

“तो आला त्याच दिवशी.”

“म्हणजे तेरा दिवस.”

मी मान हलवली. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. भाई उठले, टोपी घातली आणि म्हणाले, “मी सही केली होती, रंगनाथ. कशाखाली केली ते वाचलं असतंस एकदा तरी.” मग दारातून वळून म्हणाले, “निगेटिव्ह काढून ठेव. टर्पेंटाइन आहे ना? मी सगळ्यांना बोलावतो. त्यालाही.”

तासाभरात माझ्या स्टुडिओत मंडळाचे नऊच्या नऊ जण जमले. भाईंनी मला बोलायला लावलं. झालं ते सगळं सांगितलं. बंडू म्हणाला, “झालं ते झालं. आता नवा फोटो छापू, त्याला दाखवू, आणि म्हणू की आधीचा नीट छापला गेला नव्हता. यंत्राचा दोष. कशाला मंडळाचं नाव घालवायचं?”

“यंत्राचा दोष,” भाई म्हणाले. “बंडू, उद्या कोर्टात, चौकीत, कुणाच्या मयताला, कुणाच्या जमिनीच्या भांडणात आपला फोटो ठेवतील आणि विचारतील, हा खरा कशावरून? तेव्हा काय दाखवणार तू? शिक्का? शिक्का बाजारात करून मिळतो.”

“म्हणजे सगळं गावाला सांगणार?”

“ज्यांना ज्यांना फोटो पाठवले त्या सगळ्यांना. पण आधी त्याला.”

मी चार नंबरची निगेटिव्ह काचेवर ठेवली. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवला. सगळे भोवती उभे. एकेक हात फिरवला तसं माझं दोन तासांचं काम विरघळून कापसावर करडं करडं उतरलं. आणि तिची हनुवटी उघडी झाली. मग अंधाऱ्या खोलीत जाऊन फोटो छापला. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या रसायनात, आधी डोळ्यांच्या खाचा आल्या, मग गाल, मग ते तीन ठिपके. त्या वेळी मी त्या बाईला पहिल्यांदा पाहिलं. चेहऱ्यावर गाळ होता, ओरखडे होते. डाव्या भुवईत केस कमी होते. ओठ जरासे उघडे, काही सांगायच्या बेतात असल्यासारखे.

बाहेर आलो तेव्हा सिदू बाकावर बसला होता. गालावर पाच बोटं उठलेली. भाई त्याच्या शेजारी, त्याच्यासाठी मागवलेला चहा बशीत निवत होता. मी ओला फोटो तसाच दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. माझं तोंड उघडण्याआधी त्यानं बघितलं होतं.

“दादा,” मी म्हणालो, “आई तुमचीच होती. ठिपके होते. मला वाटलं डाग आहेत. मी पुसले. तुम्ही आलात त्याच दिवशी मला कळलं होतं आणि मी बोललो नाही.”

“चूक आमच्या मंडळाची आहे,” भाई म्हणाले. “सही माझी आहे.”

सिदूनं फोटो घेतला नाही. बोट पुढं केलं आणि एकेका ठिपक्यावर ठेवलं. ओठ हलत होते. मग म्हणाला, “म्या मोजाया शिकलो ह्याच्यावर. मांडीवर बसून. तीनाच्या फुडं लई दिस येतच नव्हतं.”

त्यानं बोट मागं घेतलं.

“तेरा दिस,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा. “तेरा दिस म्या तिला जिती धरून हिंडलो. सात गावं झाली. रोज वाटायचं, आज घावंल. तुमी मला हे तेरा दिस दिलं का माजं तेरा दिस नेलं, त्येच मला उमगंना झालंय, मालक.”

मी फोटो खाली घेतला.

“कुठं ठिवलीया तिला?” त्यानं विचारलं.

आम्ही सगळे त्याच्याबरोबर निघालो. नऊ जण, दुकानं बंद करून. नदीकाठी नगरपालिकेच्या जागेत चार उंचवटे होते, उशाशी फळ्या. ‘अनोळखी स्त्री, क्र. ४’. सिदू तिथं उकिडवा बसला. मातीवर हात फिरवत बसला. मग रडला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. भाई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. बंडू कोष्टी थोडा दूर जाऊन नदीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

“हिचं नाव ल्हिवा कुनीतरी,” सिदू म्हणाला. “मला येत न्हाई.”

मी खिशातलं पेन काढलं. “काय नाव?”

“केराबाई. हिच्या पाठची-म्होरची सगळी भावंडं जात व्हती. म्हून हिचं नाव केरा ठिवलं, केरासारखी टाकल्याली हाय, देवा, घिऊ नगंस म्हून. तवा ऱ्हायली.” तो थोडा थांबला. “केराबाई सोपान खरात.”

मी लिहिलं. दोनदा गिरवलं.

फोटो माझ्या हातात होता, एव्हाना वाळला होता. मी तो पुन्हा त्याच्यापुढे धरला. “दादा, हा तरी ठेवून घ्या. मी चांगला मोठा करून, चौकटीत बसवून—”

“नगं,” सिदू म्हणाला. “तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. मला ती तोंडपाठ हाय. तुमी बगितली न्हाई न्हवं तिला. तुमी बगा.”

एवढं बोलून तो गेला. पुढं त्यानं पोलिसांत जबाब दिला, आईचे दिवस घातले. भाई दिवसांना गेले होते, मला बोलावणं नव्हतं. उरलेल्या तीन निगेटिव्हही मी धुतल्या. नवे फोटो आणि भाईंच्या सहीचं पत्र सगळीकडे गेलं, ‘आमच्याकडून आधी पाठवलेली छायाचित्रे बदललेली होती, ती काढून टाकावीत.’ त्यावरून म्हाताऱ्याची ओळख पटली, भुवईवरच्या जुन्या खोकेच्या खुणेमुळे. ती खूणही मीच भरली होती. बाकी दोघांना कुणी आलं नाही. पोलिसांनी वर्षभर मंडळाला बोलावलं नाही, आणि मग एक दिवस पुन्हा बोलावलं. हवालदार भाईंना म्हणाला, “तुम्ही चूक स्वतः येऊन सांगितलीत, म्हणून आलो.” भाई आता नाहीत. बंडूही नाही.

तुम्ही आज आपल्या मंडळात आलात. तुमचे कॅमेरे मला कळत नाहीत. बोट फिरवलं की चेहरा गोरा होतो म्हणे. मी तुम्हाला काही करू नका म्हणत नाही, लग्नाचे फोटो सुंदरच काढा. पण मंडळात जो नवा येतो त्याला मी हे सांगतो आणि हा फोटो दाखवतो. रोज सकाळी पूजा झाली की मी हिच्याकडे बघतो. चाळीस वर्षं झाली. आता मलाही ती बरीचशी पाठ झाली आहे.

हा घ्या. दोन्ही हातांनी धरा. घाई करू नका. आधी डोळे बघा, मग खाली या. आणि आज घरी गेलात की देवापुढे दिवा लावताना एकदा तिचं नाव घ्या. केराबाई सोपान खरात. विसरू नका तिला.